आगळ लावलेला बोल्ट

"तोंड मीट आणि हात चालय," आई म्हणाली.

मी आबांच्या गाडीखाली उताणी पडले होते. पोटावर चिनी मातीचं वाडगं, वाडग्यात आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा आंबट रस, हातात काथ्याचा कुंचला. बाहेर आईची नुसती पावलं दिसत होती, भेगाळलेल्या टाचांची, जागच्या जागी चुळबुळणारी. ओटीवर आबा दुपारचे झोपले होते. त्यांचं घोरणं थांबलं की आम्ही दोघी श्वास धरायचो, सुरू झालं की सोडायचो.

"लागला?"

"लागला."

"भितूर जावक होया. वरच्यावर नको."

"आये, आगळान तांब्याची भांडी उजळतत. लोखंड सडता."

"माका शिकव नको," आई म्हणाली. "तीस वर्सां आगळ घालतंय. लोखंडाच्या भांड्यात कधी ठेवलंय काय?"

ठेवलं नव्हतं. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मी कुंचला बुडवला आणि त्या गंजक्या बोल्टाच्या माथ्यावर पुन्हा एकदा फिरवला. लाल थेंब कोपरापर्यंत ओघळला.

ही त्र्याण्णवच्या मे महिन्यातली गोष्ट. शिरोड्याला मिठागराच्या वाटेवर आमचं घर. तिथला वारा खारा, विहिरीचं पाणी मचूळ, आणि दाराच्या कड्यासुद्धा माणसांसारख्या म्हाताऱ्या होऊन मरायच्या. आबा, म्हणजे यशवंत तांडेल, तीस वर्षं टॅक्सी चालवत होते. त्यांच्या पद्मिनीतून सकाळी आजारी माणूस जायचा, दुपारी मासळीच्या टोपल्या, संध्याकाळी नवरी. मध्ये एकदा बादलीभर पाणी मारायचे. नवऱ्या तक्रार करत नसत. आजाऱ्यांत तेवढी ताकद नसे.

मी नर्सिंग पुरं केलं होतं आणि बेळगावच्या एका इस्पितळात नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी नऊला हजर व्हायचं, म्हणजे रविवारीच निघायचं. एस्टी होती, आंबोली घाटातून थेट. पण पत्र आलं त्याच दिवशी आबांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं, "माझा चेडू पयल्या नोकरेक एस्टीत उभ्यान जावचा नाय. मी सोडतलंय. माझ्या गाडयेन."

आईनं माझ्याकडे बघितलं. कारण त्याच्या आदल्याच आठवड्यात आईला त्यांचा सदरा धुताना खिशात एक कागद सापडला होता. गोव्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरचा. तिनं तो वाळवला, चुलीपासून लांब, आणि माझ्यासमोर धरला. मी वाचला. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही. वाहन चालवू नये.

मग मला एकेक आठवत गेलं. मोचेमाडच्या उतारावर गाडीचं डावं चाक गटारात गेलं, तेव्हा आबा म्हणाले होते की गटारच रस्त्यावर आलं. चहा कपाच्या शेजारी ओतला, तेव्हा म्हणाले कप सरकला. त्यांना समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. नळीतून बघावं तसं. आणि आंबोलीच्या घाटात बाजूला काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

आईनं कागद पूर्वीच्याच घड्या घालून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी आबांनी तो बाहेर काढला, बोटांनी चाचपला, पापडासारखा कडक झालेला, आणि परत ठेवला. तेही काही बोलले नाहीत.

आमच्या घरात असंच होतं. भाजीत मीठ कमी पडलं तर तासभर चर्चा. खरं काही असलं तर ते कुणी उच्चारायचं नाही. आईला अगदीच राहवलं नाही, तर ती पहाटे घावनांचे तांदूळ दळायला जात्यावर बसायची आणि ओवीत घालून सांगायची. जात्यावरच्या ओवीला घरात कुणी जाब विचारायचा नाही, कुणी उत्तर द्यायचं नाही, असा रिवाज होता. आजीच्या काळापासूनचा. ओवी म्हणजे हवा. लागली तर लागली.

अशात देवाला दया आली आणि गाडीचा मागचा डावा पाटा, चाकावरची लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, तुटला.

आबांनी डगमगायचं नाव घेतलं नाही. कोल्हापूरहून एस्टीच्या टपावरून नवा पाटा मागवला. बुधवारी तो आला, आणि गुरुवारी सकाळी पास्कू मेस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन आला. पास्कू फर्नांडिस, आबांचा शाळासोबती. पाचवीत दोघं एकाच दिवशी नापास झाले होते आणि तेव्हापासून एकमेकांना सोडत नव्हते.

"जुनो पाटो काडलो काय झाला," आबा म्हणाले. "अर्ध्या दिसाचा काम."

त्या अर्ध्या दिवसाच्या आड एक बोल्ट आला. पाट्याच्या पुढच्या टोकाला गोल कडं असतं. कड्यात रबराचा बूश, बुशात लोखंडी नळी, आणि नळीतून हा बोल्ट आरपार. नट निघाला. बोल्ट नळीत मूळ धरून बसला होता. पाना लावून जोर केला की तो फिरायचा, आम्हा सगळ्यांचे चेहरे फुलायचे. पाना सोडला की रबराच्या पिळानं तो परत जागच्या जागी येऊन बसायचा. जसं काही झालंच नाही.

पास्कूनं घाम पुसला. आईनं त्याला स्वयंपाकघराच्या मागच्या दारी बोलावलं. पुढ्यात घावन ठेवलं, वर नारळाचा रस.

"पास्कू, सोमवार उजाडासर ह्यो बोल्ट सुटता नये."

पास्कूनं छातीवर क्रूस केला. "वयनी, यशवंताक फसवचा? पाप ता."

"डॉक्टरान गाडी हाकू नको म्हणून लिवन दिल्यान हा. त्येंका घाटाची कड दिसत नाय."

पास्कू बराच वेळ घावनाकडे बघत बसला. मग म्हणाला, "आणखी दोन घाल."

अशी आमची तिघांची टोळी झाली. दुपारी आबा झोपले की मी गाडीखाली आगळ लावायची. सकाळ-संध्याकाळ पास्कूनं गाडीखाली शिरून खटपट करायची आणि बोल्टाला धक्का लावायचा नाही. तो हातोडा घेऊन आत जायचा आणि मन लावून चेसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, ठोकायचा. ठण्, ठण्, ठण्. मध्येच "आय सायबा!" असं कण्हायचा. नाटकमंडळीत असता तर नाव काढलं असतं.

ओटीवरून आबा विचारायचे, "हल्लो काय रे?"

"खंय हलता! सासूसारखो बसलोहा."

"ग्यास मार."

"ग्यास सोंपलो."

सिलिंडर त्याच्या हातगाडीवर समोरच उभा होता. निळा, उंच, भरलेला. आबा त्याच्याकडे तोंड करून म्हणाले, "बरां."

शुक्रवारी पहाटे मी जागी झाले ती जात्याच्या घरघरीनं. आई दळत होती. पीठ पडत होतं आणि ओवी येत होती.

*लोखंडाचो बोल्ट, मीठ बोलता कानात,*
*धरून ठेव रे राया, गाडी माझ्या अंगणात.*

आबा पडवीत चूळ भरत होते. चूळ थांबली. क्षणभर नुसतं जातं फिरत राहिलं. मग आबांनी पाणी थुंकलं, टॉवेल झटकला आणि हाक मारली, "चाय झाली काय?"

ओवीला कुणी जाब विचारायचा नाही.

त्या दिवशी ते गाडीपाशी फिरकले नाहीत. माझी ट्रंक बाहेर काढून बसले, बिजागरीला तेल दिलं. ट्रंकेच्या तळाशी माझं लायसन होतं, मेणकापडात गुंडाळलेलं. अठरा पुरी झाल्या झाल्या त्यांनीच ते काढवून घेतलं होतं. गावात तेव्हा लोक हसले होते. मी रस्त्यावर गाडी अशी कधी चालवलीच नव्हती, कारण रस्त्यावर आबा असताना दुसरं कोण चालवणार? मी शिकले होते किनाऱ्यावर. दर रविवारी, ओहोटीला, दर्या मागे सरला की ओली वाळू डांबरासारखी टणक व्हायची. आबा शेजारी बसायचे. एका अंगाला लाटा, दुसऱ्या अंगाला सुरूचं बन. "पाण्याक भियाव नको, सुरूक भी," ते म्हणायचे. "पाणी वाट दिता, झाड देत नाय."

त्यांनी लायसन उलटसुलट केलं, नळीसमोर धरल्यासारखं अगदी डोळ्यांसमोर आणलं, आणि होतं तसं परत ठेवलं.

शनिवारी दुपारी मी तिसऱ्यांदा गाडीखाली गेले. बोल्ट आता बघवत नव्हता. लाल, पोपडे धरलेला, जांभळ्या ओघळांचा. मी कुंचला बुडवला, आणि लक्षात आलं, घोरणं थांबलंय.

आईच्या पावलांशेजारी दोन पावलं आली. रुंद, पसरट, ब्रेक दाबून दाबून उजवा अंगठा बाहेर वळलेली.

"खाली कोण आसा?" आबांनी विचारलं.

"माजर," आई म्हणाली.

आबांनी गाडीच्या टपावर हात टेकला.

"माजराक सांग, एकोणीसचो पानो दी."

मी पास्कूच्या हत्यारांच्या पिशवीतून पाना शोधून बाहेर सरकवला. तो घेतला गेला. मग आबा गुडघ्यांवर बसले, उताणे झाले आणि सरपटत माझ्या शेजारी येऊन पडले. खांद्याला खांदा लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वाडग्याकडेही नाही. त्यांनी सरळ डोळे मिटून घेतले.

"सरक जरा."

मी सरकले. त्यांचा हात वर गेला, चेसीवरून चालत, आंधळ्या खेकड्यासारखा तिरका तिरका, आणि बरोबर बोल्टाच्या माथ्यावर थांबला. अंगठ्यानं त्यांनी तो चोळला. मग पान्यानं एकदा टोला दिला. बद्द.

"ऐकलंस? बद्द वाजता. भितूर धरल्यान हा. पास्कू तीन दिस ठण् ठण् करता." त्यांनी हात लांबवून चेसीवर टोला दिला. ठण्. "ह्येका मारता तो."

बाहेर आईची पावलं अजिबात हलत नव्हती.

"जा, पास्कूक बोलाव," आबा म्हणाले. "आणि सांग, ग्यास सोंपलोसा तर माझ्या घरातसून भरून घी म्हणा. आणि त्येच्या देवाकडची एक मेणबत्ती हाड."

पास्कू आला तो पडेल चेहऱ्यानं. आईकडे बघितलं. आईनं पदर तोंडाला लावला होता. "हाकतलोच तो आता," पास्कू माझ्या कानाशी पुटपुटला. "उद्या घाटात. तुका घेवन." मलाही तेच वाटत होतं. बोल्ट सुटला तर उद्या सकाळी आबा उजव्या सीटवर बसणार, आणि त्यांना खाली उतर म्हणणारा माणूस शिरोड्यात जन्माला आला नव्हता.

पेट्रोलच्या टाकीवर ओलं गोणपाट टाकलं. आई बादली घेऊन उभी राहिली. पास्कूनं ज्योत लावली. रबर जळायला लागलं, काळा वास अंगणभर झाला, कोंबड्या शेजारच्यांकडे निघून गेल्या. आबा खालून सांगत होते, "हाड जवळ. आणखी. बस. थांब आता." बोल्ट लाल होऊन पुन्हा काळवंडू लागला तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि मी मेणबत्ती दिली. पवित्र, अर्धी जळलेली. ती त्यांनी तापल्या लोखंडाला टेकवली. मेण पाण्यासारखं झालं आणि फटीत शोषलं गेलं, तहानेल्या जमिनीनं पाणी ओढावं तसं.

"आता सोडय," पास्कू म्हणाला.

"आता नाय. आदी आवळूचो."

"आवळूचो? सोडवूक इल्लंस ना तू?"

"पास्कू, तू लगीन करूक नाय, तुका कळाचा नाय. घट्ट बसलेल्याक एकदम ओढलास तर मोडता. आदी त्येच्याच बाजून जरासा जावक होया. मगे तो आपल्या बाजून येता."

त्यांनी पाना लावला आणि आवळायच्या दिशेला अगदी थोडा दाब दिला. डोळे मिटलेले. कान लोखंडाला लावलेला. गाडीखाली इतकी शांतता होती की मेण कडकडताना ऐकू येत होतं. मग कट् असा आवाज झाला. वाळलं लाकूड मोडावं तसा, लहानसाच. आबांनी पाना फिरवून दुसऱ्या दिशेला दाबला. बोल्ट फिरला. आम्ही वाट बघितली. तो परत आला नाही.

पुढं सोपं होतं. पास्कूनं मागून सळी लावून ठोकलं, ह्या खेपेला खरंखुरं, आणि तो बोल्ट इंच इंच करत बाहेर आला आणि आबांच्या तळहातावर पडला. आबा बाहेर सरकले, उठून बसले. केसांत गंज, भुवयांवर काजळी. त्यांनी बोल्ट नाकाशी नेला. मग जिभेच्या टोकाला लावला.

"मीठ ज्यास्त पडला ह्या खेपेच्या आगळात," ते आईला म्हणाले.

आईनं बादली खाली ठेवली आणि आत गेली. आतून भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला. घासायला भांडी नव्हती.

संध्याकाळपर्यंत नवा पाटा चढला, नवा बोल्ट बसला, ग्रीस माखून. रात्री कुणी नीट जेवलं नाही. आबा जेवले.

रविवारी सहाला ट्रंक डिकीत गेली. आईनं सोलकढीची बाटली आणि भाकऱ्या घेतल्या. तीही येणार म्हणाली. कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही. पास्कू नवा शर्ट घालून आला होता, चर्चचा. मेलोच तर बरा दिसावा म्हणून, असं त्यानं मला पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

आबा गाडीला एक फेरी घालून आले, हात टपावर ठेवून. उजव्या दारापाशी थांबले. दार उघडलं, सीटवर चावी ठेवली, आणि तसेच पुढे चालत गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले. आत बसले. दार लावून घेतलं.

कुणी हललं नाही.

"वाट कसली बघतास?" ते खिडकीतून म्हणाले. "नऊ वाजता ऊन होता. सुरंगी, बस. पास्कू, तू मागे. येताना तू हाकतलंस. फुकटात घावन खाल्लंस मां?"

मी बसले. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा आबा म्हणाले, "वाळू समज," आणि ती निघाली.

सावंतवाडी मागे पडली, दाणोली आली, घाट सुरू झाला. आबांनी मान सीटला टेकवून डोळे मिटले होते आणि ते वळणं सांगत होते. तीस वर्षांची वळणं, एकेक नावानिशी. "आता वडाचा. वरसून ट्रक येयत, होरन दी. दुसऱ्यार घाल. आता लांबडा." मी घालत होते. नवा पाटा खड्ड्यांवर पाळण्यासारखा झुलत होता.

"आबा," मी विचारलं, "पयल्या दिसाकच कळला तुमका?"

"आगळाचो वास तुझ्या हाताक येय होतो. जेवताना."

"मगे बोललास कित्याक नाय?"

दोन वळणं गेली.

"माका पण होयेच होते थोडे दिस."

मागच्या सीटवर आई खिडकीबाहेर बघत होती.

"पण तो बोल्ट आगळान गंजाक नाय, काय," आबा म्हणाले. "तीन दिसात कोण गंजता? चार वर्सां आयतवारी मी तुका दर्यार घेवन जाय होतंय. तुझा वळण डावीकडे पाण्यात जाय. दर खेपेक डावा मागचा चाक खाऱ्या पाण्यात. मी धुय होतंय, पण त्या बोल्टापातूर पाणी जायना. माका ठावक होता. काय ना काय तरी गंजूचाच होता."

मी समोर बघत राहिले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

पुढच्या वळणावर धुकं उतरलं होतं. आबांनी डोळे उघडले. समोर पाहिलं, मान डावीकडे वळवून पाहिलं, पुन्हा समोर. मग आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात म्हणाले,

"डावीकडे दरी आसा. माका दिसत नाय. तुका दिसता मां?"

"दिसता," मी म्हणाले.

"मगे बरां."

गाडी वर चढत राहिली. थोड्या वेळानं आबा खाकरले. मला वाटलं खोकला आला. पण तो सूर होता. बेसूर, जात्याच्या चालीवरचा. आमच्या घरात ओवीला कुणी उत्तर द्यायचं नाही, आणि पुरुषानं तर ओवी म्हणायचीच नाही. पास्कूनं घाईघाईनं खिडकीची काच खाली केली, उडी मारायची वेळ आली असावी तसं.

*सुटलो गे बोल्ट, आता घोर खंयचो मनार,*
*माझे डोळे बसले गे, माझ्या उजव्या हातार.*

मागे आईनं भाकरीचं फडकं सोडलं. एक भाकरी मोडून तिनं पुढे केली, आबांच्या बरोबर समोर, जिथे त्यांना दिसत होतं तिथे.

"खावा," ती म्हणाली. "मीठ कमी घातलंय."